घरगुती राक्षसाला मार्क किती?

मंडळी, आजचा विषय जरा हटके आहे. पण एस्टिमेशनच्या मीटिंगमध्ये ज्यांनी दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत, त्यांना तो परका वाटणार नाही. प्रश्न असा: तुम्ही स्वतःच्या डोक्यातून एक राक्षस काढलात. तो चार वीरांच्या टोळीला किती जड जाईल, हे लढाईच्या आधी सांगायचं कसं?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर. गोष्ट तोच सांगतो, राक्षस तोच चालवतो आणि पंचही तोच. बाकीच्यांकडे एकेक पात्र. वार लागला की हुकला हे फासे ठरवतात. हिट पॉइंट्स संपले की पात्र मरू शकतं. आणि एकेक पात्र लोक दोन-दोन वर्षं सांभाळतात बरं का! त्यामुळे राक्षस वाजवीपेक्षा जबरदस्त निघाला तर मित्रांची दोन वर्षांची मेहनत एका दुपारी मातीत जाते. फारच लेचापेचा निघाला तर सगळे जांभया देतात. म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. तेव्हा हिशेब सरळ होता. राक्षसाचे 'हिट डाइस' किती ते बघायचं आणि प्रत्येक पातळीमागे १०० अनुभव-गुण द्यायचे. ट्रोल सातव्या पातळीचा, म्हणून ७०० गुण. त्यात मेख अशी की हिट डाइसवरून राक्षस किती टिकतो ते प्रामुख्याने कळतं. तो विषारी आहे का, दगड बनवतो का, याचा पत्ताच नाही. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत ही पद्धत बदलली आणि खास शक्तींना वेगळे गुण आले.

पण मला यातला खरा हीरो वाटतो तो इंग्लंडमधला डॉन टर्नबुल. १९७७ साली 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाच्या अगदी पहिल्या अंकांत त्याने 'मॉन्स्टरमार्क' नावाची पद्धत मांडली. कल्पना इतकी स्वच्छ आहे की आपल्यापैकी कुणीही ती रिव्ह्यूमध्ये पास करेल. एक ठरावीक योद्धा घ्या. त्याला हा राक्षस मारायला सरासरी किती फेऱ्या लागतील ते काढा. तेवढ्या वेळात राक्षस त्याचं किती नुकसान करेल ते काढा. मग खास शक्तींसाठी त्या आकड्याला वाढवा.

समजा राक्षसाचे हिट पॉइंट्स १८. योद्ध्याचा निम्म्या वेळा वार लागतो आणि आठ बाजूंच्या फाशाची सरासरी ४.५, म्हणजे फेरीला २.२५. मारायला ८ फेऱ्या. राक्षसाचाही निम्म्या वेळा वार लागतो, फासा सहा बाजूंचा, म्हणजे फेरीला १.७५. आठ फेऱ्यांत १४. झाला मूळ आकडा तयार!

टर्नबुलला अशा मापाची गरज का वाटावी? माझा अंदाज असा की अनोळखी माणसाचा राक्षस आपल्या टेबलावर आणायचा तर काहीतरी सामाईक माप लागतंच. व्हाइट ड्वार्फमध्ये पुढे वाचकांनी बनवलेल्या राक्षसांचं 'फीन्ड फॅक्टरी' हे सदर निघालं. त्यातले कित्येक राक्षस टर्नबुलनेच संपादित केलेल्या 'फीन्ड फोलिओ' या १९८१ च्या अधिकृत पुस्तकात गेले. त्यातले गिथयांकी हे चार्ल्स स्ट्रॉसने शाळकरी वयात पाठवलेले. स्ट्रॉस पुढे प्रोग्रॅमर झाला, मग नावाजलेला विज्ञानकथा लेखक. आणि २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मधली लेझेल गिथयांकीच आहे. घरगुती मालाची झेप बघा!

आता या गणिताची गंमत. 'रस्ट मॉन्स्टर' नावाचा एक प्राणी आहे. गायगॅक्सला तो प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांमध्ये सापडला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये त्याच्या हल्ल्याचं नुकसान शून्य आहे. तो फक्त लोखंडाला स्पर्श करतो आणि तुमचं चिलखत गंजून जातं. वरचा गुणाकार केला तर उत्तर शून्य. चिलखतवाल्या खेळाडूला विचारा, तो शून्य म्हणेल का?

उलट टोकाला कोबोल्ड. चार हिट पॉइंट्सच्या पुढे न जाणारा किरकोळ प्राणी. पण 'ड्रॅगन' मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या संपादकीयात रॉजर मूरने टकर नावाच्या डंजन मास्टरच्या कोबोल्डांची हकीकत सांगितली. अरुंद बोगदे, आग आणि सापळे यांच्या जोरावर हे कोबोल्ड मुरलेल्या वीरांना पळता भुई थोडी करत. आकडे तेच, चालवणारा वेगळा.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीत 'चॅलेंज रेटिंग' आलं: त्याच पातळीच्या चौघांची सुमारे २० टक्के ताकद खर्च करेल असा राक्षस. २०१४ च्या पुस्तकात तर घरगुती राक्षसासाठी मोठं कोष्टकच होतं. हिट पॉइंट्स ७१ ते ८५, फेरीला नुकसान ९ ते १४, तर रेटिंग १. बचावाचं आणि हल्ल्याचं रेटिंग वेगळं काढायचं, मग सरासरी. ओळखीचं वाटतं ना? टर्नबुलचेच दोन आकडे, फक्त गुणाकाराऐवजी सरासरी.

त्याच पुस्तकात गर्दीसाठी गुणक होता: दोन राक्षस असतील तर बेरजेच्या दीडपट, तीन ते सहा असतील तर दुप्पट. मी टर्नबुलच्या पद्धतीने पडताळून पाहिलं. वीर एकेक करून मारत गेले, तर पहिला मरेपर्यंत दोघेही मारतात, नंतर एकच. म्हणजे एकट्याच्या तिप्पट नुकसान. पुस्तकाचं उत्तर: दोन गुणिले दीड, तीन. तीन राक्षसांना माझे सहा, पुस्तकाचेही सहा. चारांना मात्र माझे दहा आणि पुस्तकाचे आठ. २०२४ च्या आवृत्तीत हा गुणक काढूनच टाकला.

थोडक्यात काय, पन्नास वर्षं झाली तरी सूत्र पक्कं होत नाही. याचं कारण गणित कच्चं आहे असं मला वाटत नाही. अवघडपणा राक्षसाच्या अंगात नसतोच. तो राक्षस, समोरची टोळी, जागा आणि चालवणारा या चौघांत मिळून असतो. कागदावर त्यातला एकच लिहिलेला असतो.

मग आकडा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. टर्नबुलचं गणित करून बघाच, पाच मिनिटं लागतात. एका फेरीत कुणी मरतंय का, एवढं तरी आधी कळतं. त्यानंतर आकड्यात न बसलेल्या गोष्टींची यादी करा: गंज, विष, बोगदा. आणि लढाई सुरू झाली की कागदाकडे बघू नका, समोरच्या चौघांच्या चेहऱ्यांकडे बघा. टेबलावर माणूस बसवलाय तो त्यासाठीच.