वाळूतल्या गाडीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांसाठी राखून ठेवतो. शिखराला तैलरंग लागला की जीर्णोद्धार झाला असे आपण समजतो. जुने किती उरले, हे सहसा कोणी विचारीत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या शर्यतीच्या मोटारगाड्या दुरुस्त करण्यात आयुष्याची पंधरा-वीस वर्षे आनंदाने घालविणारी हौशी मंडळी आहेत. त्यांना मात्र हा प्रश्न पदोपदी छळतो. त्यांतील एकाच गाडीची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

गाडीचे नाव बॅब्स. ती मूळ बांधविली केंट परगण्यातील काउंट लुई झ्बोरोव्स्की या धनाढ्य शर्यतपटूंनी. पहिल्या महायुद्धातील ‘लिबर्टी’ हे बारा सिलिंडरांचे, २७ लिटरांचे अमेरिकन विमानी एंजिन त्यांनी तीत बसविले. गिअरपेटी जर्मन बेंझ गाडीची घेतली. मागची चाके सायकलीप्रमाणे साखळ्यांनी फिरविली. १९२४ साली मोंझाच्या शर्यतीत ते ठार झाले. मग वेल्समध्ये जन्मलेले एंजिनिअर जे. जी. पॅरी-थॉमस यांनी ही गाडी १२५ पौंडांना घेतली, आपल्या अकलेने सुधारली, आणि २८ एप्रिल १९२६ रोजी वेल्समधील पेंडाइनच्या पुळणीवर ताशी १७१ मैलांचा, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटरांचा, जागतिक विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेल यांनी तो त्याच पुळणीवर मोडला. तो परत मिळविण्यासाठी थॉमस ३ मार्च १९२७ रोजी उतरले. गाडी उलटली आणि ते गेले. जमिनीवरील वेगाच्या विक्रमापायी प्राण गमावणारे ते पहिलेच चालक.

उजवी साखळी तुटून त्यांच्या मानेवर बसली, अशी वार्ता झाली व तीच रूढ झाली. गाडी तेथेच वाळूत पुरण्यात आली.

बेचाळीस वर्षांनी, १९६९ साली, बँगोर येथील तंत्रविद्यालयातील अध्यापक ओवेन विन ओवेन यांनी परवानगी मिळवून ती उकरून काढली. हे समाधी उकरण्यासारखे नव्हे काय, असे कोणाच्याही मनात यावे. आम्हांस तसे वाटत नाही. थॉमस यांचा देह बायफ्लीटच्या चर्चच्या आवारात शांत निजला आहे. वाळूत होते ते केवळ लोखंड, आणि ते खारट ओलीत दरवर्षी थोडे थोडे नाहीसे होत होते.

अंगावरचा पत्रा तर खाऊन गेला होता. तो नवा घडवावा लागला. पण आतील जाड भागांपैकी पुष्कळसे वाचले होते. अशा कामात हाताला घाई चालत नाही. गंजलेला नट तेलात मुरवावा, ऊब द्यावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. निघालाच तर त्याचे माप टिपून ठेवावे. मोडला तर त्याच मापाचा कातून घ्यावा. नोकरी सांभाळून हे करावयाचे! सुमारे पंधरा वर्षे लागली, यात नवल नाही.

आणि या खटाटोपातून एक अनपेक्षित लाभ झाला. सांगाडा हाती आल्यावर साखळीच्या जुन्या कहाणीविषयी शंका उत्पन्न झाली. मागचे उजवे चाक आधी निकामी झाले असावे, असा तर्क पुढे आला. पुरलेल्या गाडीला कोणी साक्षीला बोलावू शकले नसते.

राहता राहिला अस्सलपणाचा प्रश्न. पत्रा नवा, म्हणून गाडी खोटी, असे म्हणणारे आहेत. पण मुळात ती होती तरी काय? अमेरिकेचे एंजिन, जर्मनीची गिअरपेटी, एका मालकाची कल्पना नि दुसऱ्याची करामत! थॉमस यांनी स्वतःच तिचे भाग बदलले होते. ओवेन यांनी नव्याला जुने म्हणून खपविले असते तर आम्ही त्यांस दोष दिला असता. त्यांनी जुने जेथे उरले तेथे ते राखले. ब्रुकलँड्सच्या आणि पेंडाइनच्या संग्रहालयांत पुढे ती लोकांनी डोळे भरून पाहिली.