खांदेरीच्या रात्री

सागरी युद्धांची यादी करणारे बहुतेक लेखक सलामिसपासून सुरुवात करतात. इ.स.पूर्व ४८० मध्ये अथेन्सजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत पर्शियाच्या झर्क्सिसचे प्रचंड आरमार ग्रीकांनी एका दिवसात मोडले. मराठ्यांच्या इतिहासात तिच्या जोडीची लढाई शोधताना १६७९च्या खांदेरीकडे बोट दाखवले जाते. समुद्रापासून शेकडो मैल दूर, यवतमाळात बसून मी या दोन्ही लढायांची छापील साधने वाचत आलो आहे. ही तुलना मला अर्धीच पटते.

खांदेरी हे थळच्या किनाऱ्यासमोरचे, मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले बेट. १६७९चा पावसाळा सरता सरता मायनाक भंडारी याने शिवाजी महाराजांच्या हुकमाने तिथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर तिथून नजर ठेवता येत होती. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाची चाळीस-पन्नास गलबते इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेली. ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली, इतर लहान जहाजे लांब राहिली. ‘रिव्हेंज’ने मात्र एकटीने तोफा चालवून मराठ्यांना नागोठण्याच्या खाडीकडे हटवले. हे सारे कंपनीच्या बाजूने लिहिलेले, आणि तिथे तो इंग्रजांचा विजय आहे.

मला तो दावा खोटा वाटत नाही. पण सलामिसचा दाखला इथेच तुटतो. तिथे थोड्यांनी पुष्कळांना अडचणीच्या पाण्यात ओढले; खांदेरीला संख्या मराठ्यांची जास्त, तोफा इंग्रजांच्या भारी. दिवसाढवळ्या त्या तोफांपुढे गलबतांचा निभाव लागणे कठीणच होते. निकाल लावला तो रात्रीच्या फेऱ्यांनी. किनारा जवळ, पाणी उथळ. हलक्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर अंधारात दाणागोटा पोचवत राहिल्या; शिडांची, खोल बुडाची जहाजे वारा पडला की जागच्या जागी. नोव्हेंबरात सिद्दी कासम इंग्रजांच्या मदतीला आला, तरी बेटाचा पुरवठा तुटला नाही. १६८०च्या आरंभी त्याने शेजारचे उंदेरी बळकावले, आणि तो काटा मराठ्यांना पुढे फार काळ सलला. इंग्रजांनी मात्र महाराजांशी तह करून अंग काढून घेतले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

सलामिसला एस्किलस लाभला. आठच वर्षांत त्याने त्या पराभवावरचे ‘पर्शियन’ हे नाटक रंगभूमीवर आणले. तो स्वतः त्या लढाईत होता असे मानतात. खांदेरीला रात्री वल्ही मारणाऱ्यांची गोष्ट त्यांच्यापैकी कोणी लिहिली नाही. ती आपल्याला शत्रूच्या तक्रारींतून वेचावी लागते: होड्या दिसल्या, पाठलाग केला, हाती लागल्या नाहीत.