छावणीची भाकर आणि एका हुकमाची किंमत

आमच्या समाजाला दोन टोमणे नेहमी ऐकावे लागतात. "तुम्ही इंग्रजांची चाकरी केलीत" हा पहिला आणि "इंग्रज नसते तर तुम्ही कुठे असता?" हा दुसरा. परकी फौजेचा तळ स्वतःच्या गरजेसाठी वसतो, कोणाच्या उद्धारासाठी नाही, हे दोन्ही टोमणे मारणारे विसरतात.

पेशवाई बुडाली त्या काळात पुणे, खडकी, महू, कामठी येथे इंग्रजांच्या छावण्या वसल्या. गोऱ्या साहेबाला स्वयंपाकाला, मुले सांभाळायला, घोड्यांची निगा राखायला माणसे हवी होती. जिथे गोमांस शिजते त्या स्वयंपाकघरात सवर्ण पाऊल ठेवीना. तिथे आमचे पूर्वज बटलर झाले, आमच्या आज्या आया झाल्या. पलटणीत तर आम्ही आधीपासून होतो. 1 जानेवारी 1818 चे कोरेगाव त्याला साक्ष आहे.

गावात महाराला काय मिळत होते? वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबणूक, मेलेली ढोरे ओढणे आणि दारोदार मागितलेली शिळी भाकर. छावणीत रोख पगार होता, शिपायाला पेन्शन होते, पलटणीत शाळा होती. रोख पैसा हातात आला की पोट पाटलाच्या मर्जीवर राहत नाही. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीत झाला. सुभेदार रामजी तेथे लष्करी शाळेत शिकवत होते.

पण छावणीला दुसरी बाजूही होती. गोऱ्या शिपायांसाठी तिथे 'लाल बाजार' चालत. 1864 च्या छावणी कायद्यानंतर तेथील स्त्रियांची नोंद आणि सक्तीची तपासणी होऊ लागली. त्या बायकांच्या देहाचाही छावणीने हिशेब ठेवला होता.

आणि 1892-93 च्या सुमारास, 'लढवय्या जाती'चे खूळ डोक्यात घेऊन सरकारने महारांची भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्यांची निष्ठा एका हुकमाने रद्द झाली! सेवानिवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली निवेदन तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. दार उघडले ते महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा. 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच 1921 साली मोडली.

याला उपकार म्हणायचे की गुलामी? आम्ही म्हणतो, दोन्ही नाही. आमच्या लोकांनी घाम गाळून मजुरी घेतली. मात्र ज्या रोजगारावर आपला हक्क नाही तो देणाऱ्याच्या लहरीवर टिकतो. पगार बंद झाला, पण पलटणीच्या शाळेत शिकलेले अक्षर कोणत्याही हुकमाला परत घेता आले नाही. त्याच अक्षरांनी आमच्या माणसांनी अर्ज लिहिले, हक्क मागितले. टोमणे मारणाऱ्यांनी हा हिशेब आधी वाचावा.

जय भीम!