धुक्याचा पडदा दूर सारणारा ध्रुवित प्रकाश

सप्टेंबर १९२१ मध्ये 'नारकुंडा' बोटीने मायदेशी परतताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याजवळ एक निकोल लोलक होता. त्यातून योग्य कोनात पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावरील आकाशाचे प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे झाले. समुद्र मात्र निळाच राहिला. हा निळा रंग आकाशाकडून उसना घेतलेला नाही, हे सांगणारे टिपण त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच 'नेचर' या नियतकालिकासाठी लिहिले. नको असलेला प्रकाश गाळून हवे ते पाहण्याची ही युक्ती आज धुक्यात आणि गढूळ पाण्यात उपयोगी पडते आहे.

साध्या सूर्यप्रकाशात लहरींची कंपने सर्व दिशांनी होतात. ती एकाच प्रतलात होऊ लागली की प्रकाश 'ध्रुवित' झाला असे म्हणतात. हवेतील वा पाण्यातील सूक्ष्म कणांवरून विखुरणारा प्रकाश अंशतः ध्रुवित होतो. धुरकट हवेत दूरची इमारत पुसट दिसते, ती केवळ तिच्याकडून येणारा प्रकाश क्षीण होतो म्हणून नव्हे. वाटेतल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशाचा एक पांढुरका पडदा मध्ये येतो, हे त्याचे मोठे कारण. हा पडदा ध्रुवित असतो, तर वस्तूकडून येणारा प्रकाश बहुधा नसतो. सारी मदार या फरकावर आहे.

२००१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील योआव शेखनर, श्रीनिवास नरसिंहन आणि श्री नायर यांनी या फरकाचा गणिती उपयोग करून दाखवला. कॅमेऱ्यापुढे ध्रुवक लावून, तो फिरवून दोन छायाचित्रे घ्यायची: एकात पडदा सर्वाधिक ठळक, दुसऱ्यात सर्वाधिक फिका. हौशी छायाचित्रकारांना असा फिल्टर परिचित असतो. पण पडदा अंशतःच ध्रुवित असल्याने नुसत्या फिल्टरने तो पुरता जात नाही. दोन चित्रांतील फरकावरून पडद्याची तीव्रता काढून ती वजा करावी लागते. पडदा अंतराबरोबर दाट होत जातो, त्यामुळे कोणती वस्तू किती दूर आहे याचा अंदाजही मिळतो! २००४ मध्ये शेखनर आणि नीर कार्पेल यांनी हीच पद्धत समुद्राखाली वापरली.

खोल पाण्यात सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि पाणबुड्याने दिवा लावला तर समोरचा गाळच उजळतो. त्यावर १९६७ मध्येच वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचा उपाय सुचवण्यात आला होता. सूक्ष्म कणांवरून परतताना या प्रकाशाच्या फिरण्याची दिशा उलटते, म्हणून तो अडवता येतो. खडबडीत वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण बरेचसे मोडते आणि त्याचा काही भाग आत शिरतो.

विमानतळ आणि रेल्वेसाठी खरा प्रश्न दाट धुक्याचा. फ्रान्समधील रेन येथे एका दूरसंचार मनोऱ्यावरील ध्रुवित दिवा १.३ किलोमीटरवरून धुक्यातून टिपण्याचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील हेमा रामचंद्रन या प्रयोगात सहभागी होत्या. तेथे ध्रुवित होता तो दिवाच. दिवा नसलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी. धुके फारच दाट असेल तर प्रकाश अनेकदा विखुरतो, ध्रुवण पुसले जाते आणि वजा करण्याजोगा फरकच उरत नाही. शिवाय ध्रुवक बराच प्रकाश शोषून घेतो, म्हणून अंधुक उजेडात चित्र दाणेदार येते. ध्रुवक फिरवण्याची कटकट मात्र मिटली आहे: २०१८ मध्ये सोनीने चार दिशांचे सूक्ष्म ध्रुवक संवेदकावरच बसवले आणि एकाच क्षणी चारही चित्रे मिळू लागली.