कन्फ्यूशियसचा ‘ली’ आणि पंढरीची वाट



आचार, विधि, उपचार हे शब्द उच्चारले कीं सुशिक्षित मनुष्याच्या कपाळाला आठी पडते. विधि म्हणजे पोकळ अवडंबर, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आणि आपल्या संतांनींच कर्मठपणावर कोरडे ओढले असल्यामुळें तिला आधारहि मिळतो. परंतु सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वीं चीन देशांत एक असा विचारवंत होऊन गेला, कीं ज्यानें समाजाच्या सुव्यवस्थेचा मोठा भार या उपचारांवरच ठेवला. त्याचें नांव कन्फ्यूशियस. त्याचा काळ इ. स. पूर्व ५५१ ते ४७९ हा मानतात. त्याची शिकवण आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील एका वाटेवर पडताळून पाहावी, असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

कन्फ्यूशियस ज्या लू राज्यांत जन्मला, तेथें राजे दुबळे आणि सरदार प्रबळ झाले होते. एका सरदार घराण्यानें केवळ सम्राटाच्या मानाचें असलेलें आठ ओळींचें नृत्य आपल्या अंगणांत करविलें, तेव्हां त्याला मोठा संताप आला. नाचावर इतकें रागवावें असें त्यांत काय होतें? मर्यादा मोडण्याची लाज जेथें संपते, तेथें पुढील अन्यायाला अडसर उरत नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें. या मर्यादेला चिनी भाषेंत ‘ली’ असा शब्द आहे. मूळ अर्थ यज्ञविधि. त्या अक्षराच्या आकृतींतच देवाची वेदी आणि पूजेचें पात्र आहे. पुढें पाहुण्याचा सत्कार, वडिलांपुढें बसण्याउठण्याची रीत, मृतांचा शोक, हें सारें त्यांत आलें. केवळ कायद्यानें व शिक्षेनें राज्य केलें तर लोक शिक्षा चुकवावयास शिकतात. ‘ली’नें वळण लावलें तर त्यांना वाईट करण्याची आंतूनच लाज वाटते, हें त्याच्या शिकवणुकीचें सार आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत शुन्-त्सू या त्याच्या परंपरेंतील पंडितानें याची मीमांसा केली. माणसाच्या वासनांना अंत नाहीं आणि वस्तु तर मोजक्या. त्यामुळें भांडण अटळ. ‘ली’ प्रत्येकाला त्याचें स्थान व प्रमाण नेमून देतो आणि भांडणाचें मूळच छाटतो. शोकाच्या विधींविषयीं त्यानें म्हटलें आहे तें तर फारच मार्मिक आहे: ज्याचें दुःख अनावर आहे त्याला विधि आवर घालतो, आणि ज्याचें उथळ आहे त्याला तो खोल करतो.

आतां आपल्या वाटेकडे वळूं. माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर हें साखर कारखान्याचें गांव. आषाढी वारींत तुकोबांची पालखी अकलूजहून निघून माळीनगर, श्रीपूर असें करीत बोरगांवच्या मुक्कामास जाते. १६८५ मध्यें तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं हा सोहळा सुरू केला. ज्ञानेश्वरांच्या पालखीला सध्यांची शिस्त एकोणिसाव्या शतकांत हैबतबाबा आरफळकर यांनीं लाविली. माउलींच्या या सोहळ्यांत प्रत्येक दिंडीची जागा रथाच्या पुढें किंवा मागें ठरलेली असते. मुक्कामाला समाजआरतीसाठीं दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदारानें दंड उंचावला कीं हजारों टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनें मात्र टाळ चालूच ठेवावयाचे. तिचें म्हणणें ऐकून घेतलें जातें, हरवल्या-सांपडल्या वस्तु पुकारल्या जातात, आणि मगच आरती होते. चोपदाराच्या हातीं तुरुंग नाहीं कीं दंड वसूल करण्याचा अधिकार नाहीं. त्याचा दंड म्हणजे एक काठी. तिला वजन आहे तें सर्वांनीं मानलेल्या विधीचें. कन्फ्यूशियसनें हें दृश्य पाहिलें असतें तर यालाच मी ‘ली’ म्हणतों, असें त्यानें खचित सांगितलें असतें.

परंतु एका गोष्टीनें तो बुचकळ्यांतहि पडला असता. त्याचा नमस्कार पायऱ्यापायऱ्यांचा: पुत्राचा पित्याला, सेवकाचा राजाला. वारकरी मात्र वय, विद्या, जात न पाहतां एकमेकांच्या पायां पडतात. ‘ली’ भेद राखून सुव्यवस्था साधतो. वारींतील नमस्कार भेद विसरावयास लावून ती साधतो.

आणि तरीहि, वाटेवर विसरलेला भेद महाद्वाराशीं पुन्हां आडवा येत असे. चोखोबांची समाधि मंदिराबाहेर पायरीजवळ आहे. त्यांच्यामागून शतकानुशतकें अस्पृश्य मानलेले भक्त बाहेरच राहिले. तोहि विधीच होता, जुना आणि काटेकोर पाळलेला. साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत उपवास आरंभिला. पुढें तो सुटला, आणि त्याच वर्षीं मंदिर हरिजनांना खुलें झालें. मग विधीचा कैवार घेणाऱ्यानें येथें कोणाची बाजू घ्यावी?

याचें उत्तर कन्फ्यूशियसच्याच वर्तनांत सांपडतें. विधीप्रमाणें टोपी तागाची हवी होती, लोक रेशमी वापरूं लागले. त्यांत काटकसर होती म्हणून त्यानेंहि नवी रीत स्वीकारली. राजाला वंदन दिवाणखान्याच्या पायऱ्यांखालीं करावयाचें, लोक वर चढून करूं लागले. त्यांत उद्धटपणा होता म्हणून तो एकटा जुन्या रीतीला चिकटून राहिला. म्हणजे जुनें कीं नवें हा त्याचा प्रश्नच नव्हता. त्या कृतींत आदर वाढतो कीं घटतो, एवढेंच तो पाहत होता. ज्याच्या ठायीं माणुसकी नाहीं त्याला विधीचा उपयोग काय, असेंहि त्यानें विचारलें आहे. या कसोटीला चोपदाराची काठी उतरते. बंद दार उतरत नाहीं.

आपल्या घरोघरीं विधि झपाट्यानें गळत चालले आहेत. कांहीं गळावेत हेंच बरें. परंतु प्रत्येक वेळीं आळस म्हणून टाकूं नये आणि हट्ट म्हणून धरूं नये. यानें समोरच्या माणसाचा मान राहतो काय, एवढें विचारून मग निर्णय करावा.