पाण्यातही टिकणारी सच्छिद्र चौकट

धातूंचे अणुगुच्छ आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांपासून बनलेल्या जाळीदार स्फटिकांना धातू-सेंद्रिय चौकटी म्हणतात. 'मॉफ' या नावानेही ते ओळखले जातात. त्यांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याघी यांनी १९९९ मध्ये सादर केलेल्या 'मॉफ-५'च्या एका ग्रॅममधील छिद्रांचा अंतर्गत पृष्ठभाग सुमारे २,९०० चौरस मीटर भरला. एवढ्या पृष्ठभागावर अभिक्रिया घडवता आल्यास उत्तम उत्प्रेरक हाती येईल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. अडचण पाण्याची होती. कोरडी असताना ३०० अंश सेल्सिअस तापमान सोसणारी ही चौकट दमट हवेत मात्र ढासळते. तिच्यातील जस्त आणि सेंद्रिय दुवे यांचे बंध पाण्यामुळे तुटतात.

झिरकोनियमचा आधार

ओस्लो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये 'यूआयओ-६६' तयार केली. दुवा तोच, प्लॅस्टिकच्या बाटल्यांसाठी लागणाऱ्या टेरेफ्थॅलिक आम्लाचा. जस्ताच्या जागी मात्र झिरकोनियम आले. झिरकोनियम व ऑक्सिजन यांचा बंध बळकट असतो. शिवाय मॉफ-५ मध्ये प्रत्येक गुच्छाला सहा दुवे असतात, तर येथे बारा. त्यामुळे ही चौकट पाण्यात टिकते.

उणीव हीच सोय

उत्प्रेरकासाठी धातूजवळ मोकळी जागा हवी. बाराही दुवे जागेवर असतील, तर ती मिळत नाही. प्रत्यक्षात स्फटिक घडताना काही दुवे गळतात आणि तेथेच अभिक्रिया होते. बारापैकी एखाद-दुसरा दुवा नसला, तरी चौकट उभी राहते. बेल्जियममधील ल्युवेन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये अशा रिकाम्या जागा हेतुपुरस्सर वाढवल्या. त्यामुळे सिट्रोनेलालपासून मेंथॉलचा पूर्वपदार्थ मिळवण्याची अभिक्रिया वेगवान झाली.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 'एनयू-१०००'मध्ये प्रत्येक गुच्छाला आठच दुवे आहेत. मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या सोमान या रासायनिक अस्त्राचे तिच्या साह्याने झपाट्याने विघटन होते, असे २०१५ मध्ये दिसून आले. यात सोमानचा बंध पाण्याच्याच साह्याने तुटतो. पूर्वी चौकटीचा शत्रू ठरलेले पाणी येथे अभिक्रियेचा घटक बनते.

तेलशुद्धीकरणात मात्र झिओलाइटचेच स्थान कायम आहे. तेथे उत्प्रेरकावर साचलेला कार्बन जाळून तो पुन्हा वापरात आणतात. त्या उष्णतेत मॉफमधील सेंद्रिय दुवेही जळून जातील. त्यामुळे सौम्य तापमानावरील अभिक्रिया हेच या चौकटींचे खरे क्षेत्र होय.