किलवणी रोड आणि सायकलवाले

आज थोडं आपल्या किलवणी रोडबद्दल.

२ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी माणसं त्या लढ्यात होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यानंतर इथला रस्ता कसा बदलत गेला, याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

१९६१ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीत ५७,९६३ माणसं होती. २०११ मध्ये ३,४३,७०९. जमीन तेवढीच, ४९१ चौरस किलोमीटर. करसवलतींमुळे कारखाने आले, कारखान्यांमागे कामगार आले आणि माल न्यायला ट्रक आले.

आमचे बाबा किलवणीहून सिल्वासाला सायकलनेच कामाला जायचे. कॅरिअरला डबा, हँडलला रेनकोट, चाकाला डायनॅमो. सुरुवातीला वाटेत बैलगाडी भेटली तर दोन शब्द बोलून पुढे जायचे. पुढे ट्रक वाढले तसे ते कडेला सरकले, मग डांबर सोडून मातीत. मागून हॉर्न वाजला की खाली उतरायचं, ही सवयच होऊन गेली. तरी एका पावसाळ्यात, रात्रीची शिफ्ट सुटल्यावर, एका टेम्पोने त्यांना उडवलंच. टेम्पो थांबला नाही. पाय मोडला, पाच महिने पगार नाही. नंबर कोणी बघितला नव्हता, त्यामुळे भरपाई मागायची असते हेही घरात कोणाला सुचलं नाही.

म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी कायद्याने भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. आधी मृत्यूला फक्त २५ हजार होते. पोलिसांत नोंद करा आणि मामलतदार कचेरीत अर्जाची चौकशी करा. हे आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसालाही सांगा.

कारण आता आपल्या बहुतेकांच्या दारात चारचाकी आहे. सायकलवर दिसतो तो बिहार-ओडिशाहून आलेला कामगार, नाहीतर जवळच्या पाड्यावरचा वारली मुलगा. तो आज आपल्या बाबांच्या जागी आहे आणि स्टिअरिंगवर आपली मुलं आहेत.

मुलांना एवढंच शिकवूया. सायकलला ओलांडताना दीड मीटर जागा सोडा. तेवढी नसेल तर मागे थांबा. समोरून सायकल आली की अपर लाइट खाली करा. गाडीचं दार उजव्या हाताने नाही, डाव्या हाताने उघडा, म्हणजे अंग वळतं आणि मागून येणारा दिसतो. आणि खड्डा चुकवायला सायकलवाला मध्ये आला तर हॉर्न दाबू नका. खड्डा त्याने खणलेला नाही.